स्टार कुणी उलगडायचा?

साप्ताहिकाच्या एका वर्षाचे ५२ अंक आणि अंकाला ८ पानं धरली, तर स्कॅनरमधून ४१६ फायली निघतात. दहा वर्षांचे बांधीव खंड हाती असतील तर आकडा चार हजारांच्या पुढे जातो. भोपाळात हा हिशेब हवेतला नाही. माधवराव सप्रे यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय १९८४ पासून या शहरात आहे. सप्रे मराठी घरातले, पण लेखणी हिंदीत चालवली; १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि १९०७ साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’. अशा संस्थांकडचा साठा मोठा असतो हे खरंच, पण अरेरा कॉलोनीतल्या मराठी घरांच्या माळ्यावरही काही कमी सापडत नाही: आजोबांच्या रोजनिश्या, मंडळाच्या स्मरणिका, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका, बंद पडलेल्या हस्तलिखितांचे अंक. घरातलं कुणीतरी कधीतरी ते सगळं स्कॅन करतं. मग प्रश्न उरतो तो सर्व्हरवर चढवण्याचा.

ब्राउझरच्या खिडकीत वीस-पंचवीस फायली ओढून टाकता येतात. चारशे टाकायला गेलं की मधेच नेट तुटतं आणि किती गेल्या, किती राहिल्या याचा पत्ता लागत नाही. तिथून माणूस कमांड लाइनकडे वळतो. इंटरनेट आर्काइव्हचं ‘आयए’ नावाचं स्वतःचं साधन आहे. ॲमेझॉनच्या साठवणीसाठी ‘एडब्ल्यूएस’ची आज्ञा आहे, दोन संगणकांवरचे फोल्डर जुळते ठेवायला ‘आरसिंक’ आहे, आणि सगळ्यांचा आजोबा एफटीपी अजून हातपाय हलवतो आहे. चौघांनाही आपण एकच गोष्ट सांगू पाहतो: ‘अंक_१९०७_*.टिफ’ एवढं सगळं घे आणि वर ने. चौघंही तो स्टार वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकतात. हे पुस्तक त्या स्टारवर आहे. (प्रस्तावनेत आज्ञा आणि फायलींची विस्तारनामं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर जशी टंकायची तशी ती पुस्तकात आहेत.)

एवढ्याशा चिन्हावर पुस्तक कशाला, असं कुणी म्हणेल. पण वर्षानुवर्षं अपलोड करणाऱ्यांतल्याही फार थोड्यांना एक साधी गोष्ट नेमकी सांगता येते: आपण टंकलेला स्टार अपलोड साधनापर्यंत पोचतो की वाटेतच संपतो? लग्नपत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब सहपरिवार’सारखंच हे आहे, किती पानं वाढायची ते यजमानाने ठरवायचं की पाहुण्याने, याचा उल्लेख कुठेच नसतो. वाइल्डकार्डाचा सगळा इतिहास, त्यातली घराणी आणि त्यातले घोटाळे या एका प्रश्नाभोवती फिरतात. स्टार उलगडायचा कुणी?

नव्या वाचकासाठी आधी बाराखडी. स्टार म्हणजे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर. चौकटी कंस म्हणजे कंसात दिलेल्यांपैकी कुठलंही एक. ही चिन्हं म्हणजे वाइल्डकार्ड, आणि त्यांच्या नमुन्याला ‘ग्लॉब’ म्हणतात. रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची याची थोरली भावंडं आहेत. गणिती स्टीफन क्लीनीने १९५० च्या दशकात त्यांचा पाया घातला आणि केन थॉम्प्सनने १९६८ साली त्यांना संगणकावर वेगाने चालवायची रीत छापली. तिथे स्टारचा अर्थ निराळा, ‘आधीचं अक्षर कितीही वेळा’ असा. दोन्हींची गल्लत करून लिहिलेली आज्ञा पुष्कळदा चालल्यासारखी दिसते आणि भलत्याच फायली उचलते. या थोरल्या भावंडांबद्दल इथे इतकंच पुरे.

१९७१ च्या नोव्हेंबरात बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली. तिच्यात ग्लॉब हा एक वेगळा, छोटा प्रोग्रामच आहे. आज्ञेत स्टार किंवा प्रश्नचिन्ह दिसलं की शेल, म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, स्वतः काही करत नसे, सगळं प्रकरण ग्लॉबच्या गळ्यात घाली. ग्लॉब फोल्डर वाचायचा, जुळणारी नावं क्रमाने लावायचा आणि मूळ आज्ञा त्या नावांसकट चालवून द्यायचा. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतला त्याचा कोड आजही वाचायला मिळतो. त्यात दोन तक्रारी लिहून ठेवल्या आहेत: काही जुळलं नाही तर ‘नो मॅच’, नावं मावेनाशी झाली तर ‘आर्ग लिस्ट टू लाँग’. पन्नास वर्षं झाली, स्कॅनच्या फायली चढवणाऱ्याच्या पडद्यावर अजून हेच दोन निरोप झळकतात, थोडा वेश बदलून.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्नच्या शेलने हे काम पोटात घेतलं आणि जाता जाता एक नियम बदलला. काहीच जुळलं नाही, तर नमुना आहे तसाच साधनाकडे पाठवून द्यायचा. नंतरच्या बॅश या शेलने तो वारसा उचलला. त्यामुळे फोल्डर चुकीचा असला तरी शेल चूं करत नाही. अपलोड साधनाच्या हाती खरोखरच ‘*.टिफ’ अशा नावाची फाइल मागणारी आज्ञा पडते आणि ते बिचारं शोधत बसतं. सी-शेलने हा नियम मानला नाही, झेडशेलही ‘जुळलं नाही’ म्हणून तिथल्या तिथे थांबतो. माझं मत झेडशेलच्या बाजूने आहे. न जुळणारा नमुना ही चूक आहे आणि चूक जिथे झाली तिथेच बोलली गेली पाहिजे.

या युनिक्स घराण्याचा मोठा गुण असा की साधनाला वाइल्डकार्डाची गंधवार्ताही नसते. त्याच्यापर्यंत येतात त्या तयार, पूर्ण नावांच्या याद्या. आज्ञा दहा लोकांनी दहा भाषांत लिहिलेल्या असोत, स्टार सगळीकडे सारखाच वागतो. दुसरं घराणं याच्या नेमकं उलट. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एममध्ये फाइलीचं नाव आठ अक्षरांचं आणि विस्तार तीन अक्षरांचा. स्टार टंकला की उरलेल्या जागा प्रश्नचिन्हांनी भरल्या जात आणि ते ठोकळेबाज नाव घेऊन प्रोग्राम स्वतः यंत्रणेला विचारी, ‘याच्याशी जुळणारी पहिली फाइल दे, आता पुढची दे.’ १९८१ साली आलेल्या डॉसने ही रीत उचलली आणि विंडोजने ती आजवर टिकवली. या घराण्यात नमुना अखंड साधनाच्या हाती येतो. म्हणूनच डॉसवर ‘रेन *.टीएक्सटी *.बॅक’ अशी एका ओळीत शंभर फायलींची नावं बदलता येत. युनिक्सच्या ‘एमव्ही’ला हे कधीच जमलं नाही, कारण दुसरा स्टार त्याला दिसतच नाही.

आता एकच अपलोड साधन दोन्ही घराण्यांत नांदायला पाठवा. भोपाळच्या उबुंटूवर ४१६ फायली सुरळीत जातात. तीच आज्ञा नाशिकच्या एखाद्या विंडोज संगणकावर दिली की उत्तर येतं, ‘*.टिफ’ नावाची फाइल सापडली नाही. साधनाचा कोड अक्षर न बदलता तोच असतो. लेखकाने लिनक्सवर बसून तो लिहिला, शेल आपल्या वतीने काम करतो आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ‘तुमच्या साधनात वाइल्डकार्ड चालू द्या’ ही मागणी बहुतेक वेळा या खिंडारातून येते असा माझा अंदाज आहे. आणि ती पुरी करायला बसलं की पुढची अडचण दारात उभी असते: विंडोजवर उलटी तिरपी रेघ फोल्डर वेगळे करते, ग्लॉबमध्ये तीच रेघ ‘पुढच्या चिन्हाचा खास अर्थ धरू नको’ असं सांगते. एका चिन्हाला दोन नोकऱ्या. कुठली मानायची हे साधनाने ठरवून ठळक लिहून ठेवावं लागतं.

एफटीपीने यातून आपला मार्ग आधीच काढला होता. १९८० च्या दशकातल्या बर्कली युनिक्सवरच्या त्याच्या साधनात ‘एमपुट’ आज्ञा आहे. ती आज्ञा एफटीपीच्या स्वतःच्या सूचक चिन्हावर टंकायची असते, तिथे शेल नसतोच, म्हणून साधन स्टार स्वतः उलगडतं. वर प्रत्येक फाइलीला ‘पाठवू का?’ असं विचारतं. ते विचारणं बंद करायला ‘प्रॉम्प्ट’ आणि उलगडणंच बंद करायला ‘ग्लॉब’ अशा दोन कळा दिल्या आहेत. चारशे वेळा ‘वाय’ दाबण्याचा कंटाळा येतो हे मान्य. तरी पाठवण्याआधी नावं दाखवण्याची ती सवय नंतरच्या साधनांनी फार लवकर टाकून दिली.

तिसरं घराणं गाळणीवाल्यांचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आरसिंक आणलं, त्यात आपण पूर्ण फोल्डर देतो आणि ‘हे वगळ, हे घे’ अशा नियमांची यादी जोडतो. ॲमेझॉनची एस-३ साठीची आज्ञा याच वाटेने जाते; तिच्या मार्गनावात स्टार चालतच नाही. फक्त टिफ हव्या असतील तर आधी ‘सगळं वगळ’ म्हणायचं, मग ‘टिफ घे’ म्हणायचं. उलट क्रमाने म्हटलं तर काहीच जात नाही, कारण तिथे नंतरचा नियम आधीच्याला खातो. गिटच्या वगळणी-यादीतही शेवटचा जुळणारा नियम जिंकतो. आरसिंकमध्ये मात्र पहिला जुळणारा नियम जिंकतो. म्हणजे एकीकडे घोटून बसलेली यादी दुसरीकडे नेली की नेमकी उलटी फळते, आणि दोन्ही ठिकाणी ती व्याकरणशुद्ध असते. या घराण्याची ताकद मोठी आहे, पण नवख्याच्या हाती ते देताना मला भीती वाटते. एका स्टारमध्ये काय जुळेल ते डोळ्यांनी कळतं. सात नियमांच्या यादीत काय उरेल ते डोक्यात चालवून बघावं लागतं.

दुहेरी स्टार हे चौथं घराणं नव्हे, तिन्हींच्या घरात शिरलेला पाहुणा आहे. साधा स्टार एका फोल्डरच्या भिंतीपाशी थांबतो. दुहेरी स्टार पोटातल्या फोल्डरांत कितीही खोल उतरतो. झेडशेलवाल्यांना तो आधीपासून परिचयाचा होता, जावा लिहिणाऱ्यांत तो २००० च्या सुमारास अँट नावाच्या साधनाने घरोघरी पोचवला, बॅशमध्ये तो २००९ सालच्या चौथ्या आवृत्तीत आला आणि तोही मुद्दाम चालू करावा लागतो. पायथनच्या ग्लॉब मॉड्यूलला तो २०१५ पासून कळतो. चालू न करता टंकला तर बॅश त्याला साधा स्टार समजतो आणि गप्प राहतो. ॲपलच्या संगणकांवर अजूनही २००६ सालच्या वंशातला बॅश ३.२ मिळतो, त्याला तर दुहेरी स्टार ठाऊकच नाही. वर्षवार फोल्डर केलेत, आत महिन्यांचे फोल्डर केलेत, आज्ञा दिलीत, ती विनातक्रार संपली, आणि गेल्या फक्त एका पातळीवरच्या फायली. असं मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. दुसऱ्या टोकाला, एखादा सिम्लिंक आपल्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर दुहेरी स्टार गोल गोल फिरत बसू शकतो. बॅशने २०१४ च्या ४.३ आवृत्तीत सिम्लिंकांच्या मागे जाणं सोडून दिलं ते याचमुळे.

मग आज हा विषय निकडीचा का? कारण अपलोडची दिशा वेगळी आहे. उतरवताना भलती फाइल आली तर आपल्या डिस्कवर आली, पुसून टाकली, संपलं. चढवताना भलती फाइल गेली तर ती जगासमोर गेली; आपण पुसेपर्यंत ती कुणी उतरवून घेतली असेल त्याला इलाज नाही. एकाच फोल्डरमध्ये प्रताधिकार संपलेले लेखक आणि न संपलेले लेखक शेजारी शेजारी असतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार चालतो आणि स्टारला मृत्यूचं साल वाचता येत नाही.

हा धोका नुसता पुस्तकवाल्यांपुरता नाही. गिटहबवर प्रोग्राम आपोआप बांधला गेल्यावर तयार फायली चढवून ठेवणारी एक पायरी असते, तिला नमुन्यांनी मार्ग सांगायचे असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवून दिलं की पुष्कळ प्रकल्प आपला पूर्ण फोल्डर चढवताना आतला लपलेला ‘.गिट’ फोल्डरही देऊन टाकत होते आणि त्यात प्रवेशाची टोकन पडलेली होती. पुढच्याच महिन्यात गिटहबने लपलेल्या फायली मुळातच वगळायला सुरुवात केली. हव्या असतील तर तसं सांगावं लागतं. शेलमध्ये साधा स्टार टिंबाने सुरू होणारी नावं पहिल्यापासून सोडूनच देत आला आहे. साधनाने स्वतः उलगडायचं ठरवलं की असे जुने, न बोलता पाळले जाणारे संकेत एकेक करून पुन्हा शिकावे लागतात.

आणखी एक संकेत असाच: मार्गातला कुठला भाग पलीकडे न्यायचा? ‘स्कॅन/१९०७/*/*.टिफ’ दिल्यावर सर्व्हरवर महिन्यांचे फोल्डर राहावेत, की सगळ्या फायली एका ढिगात पडाव्यात? ढिगात पडल्या तर जानेवारीचं ‘पान_०१’ आणि फेब्रुवारीचं ‘पान_०१’ एकमेकांच्या डोक्यावर बसतात, आणि बारापैकी एकच शिल्लक राहतं. गिटहबच्या त्या पायरीत पहिल्या वाइल्डकार्डपासून पुढची रचना टिकते. हा नियम मला पटतो, कारण तो नमुना वाचूनच कळतो. शेलने उलगडून दिलेल्या यादीत मात्र पहिला स्टार कुठे होता हे साधनाला कळायला वावच नाही. साधनाने स्वतः उलगडावं याचं माझ्या मते सगळ्यांत भक्कम कारण हे आहे. यादीच्या लांबीचं कारण दुसरं. लिनक्सवर एका आज्ञेला जोडायच्या शब्दांची मर्यादा २००७ पर्यंत १२८ किलोबाइट होती, नंतर ती साधारणपणे २ मेगाबाइट झाली. अवतरणचिन्हांत दिलेला नमुना शेल उलगडत नाही, म्हणून तो त्या मर्यादेत कितीही मोठ्या फोल्डरसाठी मावतो.

आता आपल्या घरचा भाग, ज्यासाठी हे पुस्तक मराठीत असण्याला अर्थ आहे.

‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव फाइलीला द्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती सहा आहेत: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणून डिस्कवर १८ बाइट. आता ‘???.टिफ’ या नमुन्याला ही फाइल जुळेल का? मराठी माणूस हो म्हणेल. संगणक नाही म्हणेल. त्याला सहा प्रश्नचिन्हं हवीत. तीही भाषेची मांडणी यूटीएफ-८ असली तर. रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या कामाला पुष्कळदा ही मांडणी मिळतच नाही, आणि तिथे प्रश्नचिन्ह एकेक बाइट मोजू लागलं की सहाची अठरा होतात. दिवसा हाताने चालवलेली आज्ञा चोख, रात्रीची रिकाम्या हाताने परत, असं दिसलं की पहिला संशय इथे घ्यावा.

याच नावात याहून खोल खड्डा आहे. ‘ऱ’ हे एक चिन्हही आहे आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही तेच बनतं. युनिकोड या दोन रूपांना समान मानतं, पण बाइट वेगळे. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल-व्यवस्थेत नावं फोडलेल्या रूपात ठेवली जात. २०१७ साली आलेली एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, पण दोन्ही रूपांना एकच समजते. लिनक्स असलं काही बघत नाही, बाइट वेगळे तर फाइल वेगळी. मॅकवर स्कॅन केलेल्या फायली पेनड्राइव्हने लिनक्सवर आल्या, तिथे कुणी ‘कऱ्हाड*’ टंकलं, आणि समोर नाव दिसत असताना उत्तर येतं की जुळणारं काही नाही. तिसरं रूप र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं लिहिलं जातं. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांत जुन्या फायलींमधून ते भेटतं. त्याला युनिकोडही बाकीच्या दोघांच्या पंगतीला बसवत नाही. ‘ॲ’ची गोष्ट तशीच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान मिळालं, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आणि कित्येक अजूनही भागवतात. ‘ॲल्बम’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, दिसायला जुळे, आणि नमुना एकालाच ओळखतो. इथे प्रमाणरूप काढायची युनिकोडची रीतसुद्धा कामाला येत नाही.

आकड्यांचा घोळ त्या मानाने सोपा, पण रोजचा. रोमन शून्य ते नऊ असा चौकटी कंस ‘अंक_०७’ला शिवत नाही; देवनागरी आकड्यांसाठी देवनागरी कंस लागतो. नावांत दोन्ही लिप्यांचे आकडे मिसळले असतील, आणि ते असतातच, तर क्रमवारीही फाटते. शिवाय १ नंतर १० आणि मग २ असा शेलचा क्रम टाळायचा तर आधीच ००१ असं लिहिलेलं बरं. कॅमेऱ्यातून येणारा विस्तार मोठ्या लिपीत आणि स्कॅनरचा छोट्या लिपीत, हा लिनक्सवरचा सनातन तंटा आहे. नावाच्या लांबीचंही भान हवं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नाव २५५ बाइटांपर्यंत. देवनागरीत त्याची ८५ चिन्हं होतात आणि लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलीला द्यायची आपली हौस तिथे आपटते.

यावर उपाय म्हणून पूर्ण यांत्रिक नावं द्यावीत, असा एक पक्ष आहे. त्याचा सगळ्यांत मोठा नमुना डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाची लाखो पुस्तकं पुढे इंटरनेट आर्काइव्हवर गेली, त्यांत मराठीही आहेत. तिथे त्यांची ओळख ‘इन.अर्नेट.डीएलआय.२०१५’ आणि पुढे एक क्रमांक अशी. यंत्राच्या दृष्टीने नाव निर्दोष: एक स्टार आणि सगळा खजिना हाती. पण त्यातली फक्त मराठी पुस्तकं नावावरून वेगळी काढा म्हटलं तर स्टार हतबल होतो. भाषा, लेखक, साल हे सगळं नोंदींत, आणि त्या नोंदींतली रोमन लिपीतली मराठी शीर्षकं वाचणं ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. नाव माणसाला थोडं आणि यंत्राला पूर्ण कळावं, हा मधला रस्ता शोधायला हवा. पुस्तकाने त्यावर दिलेला वेळ मला त्याच्या पानांतला सगळ्यांत सार्थकी लागलेला वाटतो.

हे पुस्तक काय करू पाहतं ते थोडक्यात सांगतो. ते एका बाजूला अपलोड करणाऱ्यांसाठी आहे, दुसऱ्या बाजूला अपलोडची साधनं लिहिणाऱ्यांसाठी. हे दोन वाचक एरवी एकाच पुस्तकात भेटत नाहीत आणि भेटत नाहीत म्हणूनच साधनं आपल्या नावांशी अशी परक्यासारखी वागतात. पुस्तक तटस्थ राहत नाही. साधनाने नमुना अवतरणातून स्वीकारावा आणि स्वतः उलगडावा. पाठवण्याआधी यादी आणि एकूण आकडा दाखवावा. काही जुळलं नाही तर चूक म्हणून थांबावं. दोन नमुन्यांत तीच फाइल आली तर एकदाच पाठवावी. हायफनने सुरू होणाऱ्या नावाला पर्याय समजू नये. या सगळ्यामागे कारणमीमांसा आहे आणि चालवून बघायला उदाहरणं आहेत. वेगाचा मुद्दाही सुटलेला नाही. एकापाठोपाठ अनेक स्टार असलेला नमुना भोळसटपणे जुळवायला गेलं तर वेळ घातांकी वाढतो. रस कॉक्सने २०१७ साली दाखवलं की जुळणी फसली की फक्त शेवटच्या स्टारपर्यंत मागे यायचं, तेवढ्याने भागतं. ती रीत पुस्तकात अवघ्या काही ओळींत उतरली आहे.

एका मुद्द्यावर माझं लेखकांशी जमत नाही. देवनागरी नावं चढवताना साधनाने ती मुकाट्याने एका प्रमाणरूपात आणावीत, असं त्यांचं म्हणणं. जुळवताना सगळी रूपं एक मानावीत हे मला मान्य आहे. पण नाव बदलून पाठवणं हा मजकुरात हात घालण्याचा प्रकार झाला. जुन्या कागदांवर काम करणाऱ्याला मूळ नाव जसं होतं तसं हवं असतं, चुकांसकट. साधनाने इशारा द्यावा, बदल सुचवावा आणि उत्तराची वाट पाहावी. वाचकांनी दोन्ही बाजू तपासून आपलं ठरवावं.

शिक्षणाच्या क्षेत्रात ‘एकलव्य’ ही संस्था १९८२ पासून भोपाळात काम करते आहे आणि बरीच वर्षं तिचं कार्यालय आमच्या अरेरा कॉलोनीतच होतं. तिच्या हिंदी ‘शैक्षणिक संदर्भ’पासून स्फूर्ती घेऊन त्याच नावाचं द्वैमासिक पुण्याहून मराठीत निघालं. करून बघितल्याशिवाय मानू नये, हा त्या परंपरेचा आग्रह. हे पुस्तकही तसंच वाचायचं आहे. शेजारी टर्मिनल उघडा ठेवा, एक रिकामा फोल्डर घ्या, ‘कऱ्हाड’ नावाच्या दोन फायली दोन रूपांत बनवा आणि तुमचं नेहमीचं अपलोड साधन त्यांतली किती ओळखतं ते पाहा. एकच ओळखत असेल तर साधनाच्या कर्त्यांना लिहा, उदाहरणासकट. मराठी नावांच्या अडचणी त्यांना ठाऊक नसतात, कारण त्या कळवल्याच जात नाहीत.

अरेरा कॉलोनी, भोपाळ